फिरतीची नोकरी, रानवाटा आणि घरचे वेळापत्रक यांचा मेळ कसा घालावा?

घाटवळण (डिचोली), धागाकर्ता

सर्व सभासदांना नमस्कार. औषधांच्या कारखान्यांत नव्याने बसवलेली यंत्रे ठरलेल्या निकषांप्रमाणे चालतात की नाही, याची चाचणी घेऊन तसे कागदोपत्री सिद्ध करून देणे, हे माझे काम आहे. कार्यालय वेर्णा औद्योगिक वसाहतीत असले, तरी प्रत्यक्ष काम बद्दी, हैदराबाद, विशाखापट्टणम किंवा अहमदाबाद येथे असते, कारण देशातील औषधनिर्मितीचा मोठा भाग त्या पट्ट्यांत एकवटला आहे. त्यामुळे महिन्यातला बराच काळ घराबाहेर जातो. महाविद्यालयात असताना लागलेले डोंगरांचे वेड अजून सुटलेले नाही, आणि घरी आईवडील, पत्नी व शाळेत जाणारी मुलगी आहे. या तिन्ही गोष्टींना न्याय कसा द्यावा, यावर येथील अनुभवी मंडळींशी सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढला आहे.

या प्रश्नावर बहुतेकांचा सल्ला ठरलेला असतो, तो म्हणजे फिरतीलाच भटकंती जोडून घ्या. माझे मत याच्या बरोबर उलट बनत गेले आहे. यंत्रांचे काम शुक्रवारी संध्याकाळी संपत नाही. निर्जंतुकीकरणाच्या यंत्राची तापमान-चाचणी लागोपाठ तीन वेळा यशस्वी व्हावी लागते, आणि तिसऱ्या फेरीत एखाद्या सेन्सरने दगा दिला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मग परतीचे तिकीट पुढे ढकलले जाते आणि हौसेने भरून नेलेले बूट हॉटेलच्या कपाटातून जसेच्या तसे घरी येतात. शिवाय घरच्यांच्या दृष्टीने कामाचे दिवस आणि त्यांना जोडलेले मौजेचे दिवस यांत काही फरक नसतो. माणूस घरी नाही, एवढेच त्यांना दिसते.

याउलट गोव्यात राहणाऱ्याला डोंगरासाठी रजा काढण्याची गरजच पडू नये, असे मला वाटते. आपल्या राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, आणि पूर्वेकडे सह्याद्रीच्या अंगाने म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव या अभयारण्यांचा पट्टा पसरला आहे. डिचोलीहून पहाटे निघाले, तर चोर्ला घाटात सूर्योदय गाठता येतो. नेत्रावळीचा सावरी धबधबा पाहून जेवायला घरी परतणे दक्षिण गोव्यातल्या माणसाला सहज शक्य आहे. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, की जी भटकंती जेवणाच्या वेळेपर्यंत आटोपत नाही, ती वर्षातून एकदाच, रीतसर रजा काढून करायची. बाकी सगळी पहाट ते दुपार या मापात बसवायची.

त्यासाठी दोन सॅक कायम भरलेल्या असतात. फिरतीच्या सॅकमध्ये कपडे, चार्जर आणि कारखान्यात लागणारे सुरक्षा बूट असतात. दुसरीत पावसाळी टोपी, शिट्टी, विजेरी, प्रथमोपचाराची पिशवी आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी असते. एका सॅकमधली वस्तू दुसरीत जाऊ द्यायची नाही, हे पथ्य फार उपयोगी पडते, कारण पहाटे पाच वाजता चार्जर शोधत बसलेला माणूस बहुधा पुन्हा अंथरुणात शिरतो.

आता माझी अडचण सांगतो. पहाट आणि दुपार यांचा हिशेब जमला, तरी परत आल्यावरचा पहिला दिवस कोणाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आपण हे कसे करता?

केवड्याचे_पान (फोंडा)

धागाकर्त्यांनी विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. परत आल्यावरचा पहिला दिवस घराचा असतो आणि त्यात वाटाघाटीला जागा नाही.

मी हिशेब तपासणीच्या कामासाठी कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशी फिरते. माझ्याकडे सॅकऐवजी एक वही आहे. मी बाहेर असताना घरात जे जे राहून जाते, ते सासूबाई आणि यजमान त्या वहीत लिहून ठेवतात. गॅसची नोंदणी, नळाची गळती, मुलाच्या शाळेतली सही, औषधांची संपत आलेली पाकिटे असे काहीही त्यात असते. आल्या आल्या मी वही वाचते आणि त्या दिवशी त्यातले जमेल तेवढे उरकते. यामुळे ‘माझे काय राहिले’ असे विचारत घरभर फिरावे लागत नाही आणि घरच्यांनाही तक्रारीच्या सुरात बोलावे लागत नाही. लिहिलेली तक्रार ही तक्रार वाटत नाही, ती कामाची नोंद वाटते.

तुमच्या मांडणीत मला एक गोष्ट खटकली. ‘जेवायला घरी’ हा नियम छान आहे, पण ते जेवण रांधतो कोण? शनिवारी सकाळी तुम्ही चोर्ल्याला सूर्योदय पाहत असता, तेव्हा बाजाराला, आईवडिलांच्या तपासण्यांना आणि मुलीच्या शिकवणीला धावणारी व्यक्ती तुमच्या घरी कोणीतरी असणारच. एका शनिवारी तुम्ही डोंगरात जाणार असाल, तर पुढचा शनिवार त्या व्यक्तीचा असला पाहिजे, आणि तिने तो डोंगरात घालवावा की झोपून काढावा, हे तिचे तिने ठरवावे. आमच्याकडे यजमान एक रविवार क्रिकेटला जातात आणि दुसऱ्या रविवारी मी खांडेपारला मैत्रिणींबरोबर नदीकाठी फिरायला जाते. हे साहस नव्हे, असे कोणी म्हणाले, तर माझी हरकत नाही.

आणखी एक. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपासची फिरती मी वर्षाच्या सुरुवातीलाच नाकारून ठेवते. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचे, सामान जमवण्याच्या दिवसांत घरातला एक जण बाहेर असेल, तर त्याचा भार उरलेल्यांवर किती पडतो, हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही; परराज्यातल्या वरिष्ठांना मात्र सांगावे लागते, आणि लेखी सांगावे लागते.

भांगाची_भरती (चोडण)

पहाट ते दुपार या मापाशी पूर्ण सहमत. ते माप मी डोंगराऐवजी पाण्यात वापरतो, आणि माझे वेळापत्रक पंचांगाने ठरते, ते कसे हे थोडे विस्ताराने लिहितो.

मी खारफुटीच्या आतल्या पोयांतून, म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्यांतून, कयाक (लहान वल्ह्याची होडी) वल्हवतो. चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीविना जाता येत नाही, पण बेटाभोवतीच्या मोकळ्या पाण्यात आणि लहान फाट्यांत बरेच काही पाहायला मिळते. अडचण एवढीच, की ओहोटीला त्या पोयांत फक्त चिखल उरतो. म्हणजे भरती सकाळी लवकर असेल, तोच दिवस उपयोगाचा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा यासाठी एक ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दशमीला साडेसातच्या आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकत असल्यामुळे हे गणित जुळते. ठिकाणागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहणे हे ओघाने आलेच.

यातली खरी गंमत अशी, की अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या मानाने त्या दिवसांत पाणी कमी चढते, कमी उतरते आणि ओढही सौम्य असते. त्यामुळे सकाळी सहा-सात वाजता भरलेले पाणी आणि शांत प्रवाह या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात, आणि त्या दर पंधरवड्याला परत येतात. मी वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही पक्षांतल्या अष्टमी ते दशमी या तिथी दिनदर्शिकेत रंगवून ठेवतो. कार्यालयातून फिरतीची तारीख विचारली, की ते दिवस टाळून तारीख देतो. सगळेच दिवस पदरात पडतात असे नाही, पण कोणते दिवस मागायचे हे आधी ठाऊक असले, की बरेच मिळतात. ‘मला वेळ मिळाला की जाईन’ म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. समुद्राने ठरवून दिलेला दिवस वरिष्ठांनाही का कोण जाणे अधिक पटतो.

पाणी पुरेसे चढलेले असताना कयाक खारफुटीच्या मुळांना जवळजवळ टेकते आणि चिखलावर उड्या मारणारे लहान मासे वल्ह्याच्या टोकाशी दिसतात. पाणी उतरू लागले, की एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळांतून बाहेर येतात, आणि तीच परतण्याची खूण समजावी, नाहीतर कयाक चिखलातून ओढत न्यावी लागते. साडेआठपर्यंत मी फेरीबोटीने रायबंदरला पोहोचलेला असतो आणि नवाच्या ठोक्याला पणजीत कामावर असतो. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला मात्र एकट्याने जाऊ नये, तिथे मगरी आहेत.

थिवीचा_प्रवासी

एक व्यावहारिक शंका. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाल्यापासून माझा दिनक्रम अधिकच बिघडला आहे. जाताना मोपाचे विमान स्वस्त मिळते, येताना दाबोळीचे सोयीचे पडते, आणि मोपाला ठेवलेली दुचाकी तिथेच राहते. यावर कोणी काही उपाय काढला आहे काय?

घाटवळण (धागाकर्ता)

मोपाहून ५ जानेवारी २०२३ रोजी वाहतूक सुरू झाली, तेव्हापासून मी येणे-जाणे एकाच विमानतळावरून ठेवतो, मग तिकिटाला थोडे अधिक पडले तरी चालेल. तिकिटात वाचलेले पैसे दाबोळी ते मोपा टॅक्सीत जातात. स्वतःची गाडी नेण्याऐवजी कदंबची (राज्य परिवहनाची) विमानतळ बस धरली, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. मुंबईचे काम असेल, तर मी सरळ कोकणकन्या घेतो. संध्याकाळी बसून पहाटे मुंबई, आणि रात्रीची झोप घरच्या वेळेत होते. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावते आणि दरडींचा धोका असतो, हे धरून चालावे. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आल्यामुळे वाहतूक खोळंबली होती. जून ते सप्टेंबर या काळात परतीच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही शब्द देऊ नये.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून चर्चेत आतापर्यंत न आलेली बाजू मांडतो. फिरती आणि रानवाटा यांचे एकत्र येणे केवळ वेळेच्या दृष्टीने अवघड नाही, निदानाच्या दृष्टीनेही अवघड आहे.

गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या पट्ट्यात माकडताप आढळलेला आहे. २०१५ साली पाली गावात त्याची साथ आली होती. हा आजार गोचिडांच्या चाव्यातून होतो, त्याचा जोर कोरड्या महिन्यांत, साधारण जानेवारी ते मे या काळात असतो, आणि चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत ताप येतो. आता विचार करा : तुम्ही रविवारी सत्तरीच्या रानात फिरलात, सोमवारी विमानाने अहमदाबादला गेलात आणि गुरुवारी तिथे सणकून ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांना माकडताप सुचण्याचे काहीच कारण नाही. पावसाळ्यात साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यातून चालल्यावर होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचेही असेच आहे. त्याची लक्षणे बहुधा एक-दोन आठवड्यांनी दिसतात, आणि तोवर माणूस तो ओहोळ विसरूनही गेलेला असतो. म्हणून फिरतीवर असताना ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, की मी गोव्याचा आहे आणि अमुक दिवशी रानात किंवा पाण्यात होतो. घाटवळण यांच्या सॅकमध्ये माझ्या मते एका छोट्या वहीचीही भर पडावी, ज्यात फक्त तारीख आणि ठिकाण लिहिलेले असेल. रानात जाताना पायघोळ विजार मोज्यांत खोचावी, आणि परतल्यावर न्हाताना काखा, जांघा व गुडघ्यांच्या खोबण्या नीट तपासाव्यात.

झोपेविषयीही थोडे लिहितो. परक्या ठिकाणी पहिल्या रात्री झोप हलकी लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली असे दाखवले, की त्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याच्या मानाने कमी गाढ झोपतो आणि बाहेरच्या आवाजांना अधिक सावध राहतो. त्यामुळे हॉटेलातल्या पहिल्या रात्रीनंतर पहाटे कडा चढायला जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही. घाटवळण यांचा मूळ मुद्दा, म्हणजे साहस घराजवळ ठेवावे, हा या कारणानेही योग्य ठरतो.

सॅक_आणि_लॅपटॉप (मडगाव)

मी विरुद्ध बाजूने बोलतो, कारण सगळेच सहमत झाले तर धागा लवकर आटपेल.

यंत्रांचे काम लांबते, हे मान्य. पण सर्वांच्या फिरतीचे स्वरूप तसे नसते. माझे काम प्रशिक्षण देण्याचे आहे. ते ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी संपते आणि त्यानंतर मला कोणी शोधत नाही. हैदराबादला गेलो, तर भोंगीरच्या किल्ल्याचा अखंड कातळ शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिथे प्रस्तरारोहण शिकवले जाते. बंगळूरला गेलो, तर सावनदुर्ग अर्ध्या दिवसात होतो. विशाखापट्टणमहून बोर्‍याच्या गुहांकडे जाणारी रेल्वे पूर्व घाट चढत जाते, तो प्रवासच पाहण्यासारखा आहे. चोर्ला घाट कितीही सुंदर असला, तरी तो मी लहानपणापासून पाहत आलो आहे. नवे पाहण्याची ओढ हीसुद्धा साहसाची बाजू आहे, आणि ती घराजवळ भागत नाही. ज्या प्रवासाचे भाडे कार्यालयाने दिले आहे, त्यातून एक शनिवार आपल्यासाठी काढून घेतला, तर त्यात घराचे फार मोठे नुकसान होते, असे मला वाटत नाही. किंबहुना मी तो शनिवार मुलांना फोनवरून दाखवतो आणि पुढच्या सुट्टीत त्यांनाच तिथे नेतो.

मात्र दोन पथ्ये पाळतो. कार्यालयाचा प्रवास विमा सुट्टीच्या दिवसाला आणि प्रस्तरारोहणाला लागू होतो का, हे मनुष्यबळ विभागाला आधी लेखी विचारतो. आणि बद्दी-चंदीगडच्या बाजूला असताना शनिवार-रविवारात उंच खिंडी गाठण्याचा मोह टाळतो. कसौली दोन हजार मीटरच्या आतच आहे, तिथे गोव्याच्या माणसाला काही होत नाही. तीन हजार मीटरच्या वर मात्र मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा दंडक आहे, आणि समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाकडे दोन दिवसांत तो पाळण्याइतका वेळच नसतो.

दर्यावर्दी (काणकोण)

आमच्या फिरतीपुढे तुमची फिरती म्हणजे शेजारच्या वाड्यावर जाऊन येण्यासारखी आहे, हे प्रथम गमतीने नमूद करतो. मी व्यापारी जहाजावर आहे. एकदा चढलो, की कित्येक महिने घर दिसत नाही. साहसाची उणीव मला कधी भासली नाही, उणीव भासते ती रोजच्या साधेपणाची. म्हणून मी बोटीवरसुद्धा घरचा एक धागा धरून ठेवतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी लागते. त्यातला पहिला अर्धा तास मी वाचनाला देतो, कारण घरीही झोपण्यापूर्वी तेच करतो. बंदर कोणतेही असो, तो अर्धा तास बदलत नाही.

केवड्याचे_पान ताईंच्या वहीला माझे अनुमोदन, पण थोडी दुरुस्ती सुचवतो. दीर्घ काळ बाहेर राहून आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी कामे उरकू नयेत. घराने त्याच्याविना एक घडी बसवलेली असते. बाजार कोणत्या दिवशी, मुलांना शाळेत कोण सोडणार, सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) किती पाव घ्यायचे, हे सगळे ठरलेले असते. अशा वेळी मोठ्या उत्साहाने सूत्रे हाती घेतली, तर घडी मोडते, आणि आपण परत गेल्यावर ती नव्याने बसवण्याचे कष्ट घरच्यांनाच पडतात. मी पहिला आठवडा फक्त सांगितलेले काम करतो.

केवड्याचे_पान (फोंडा)

दर्यावर्दी दादा, महिन्यांनी येणाऱ्यासाठी आपले म्हणणे मान्य आहे. चार-पाच दिवसांनी येणाऱ्याने मात्र वहीच धरावी. त्याला पाहुण्यासारखे वागण्याची मुभा आमच्या घरी तरी मिळणार नाही.

घाटवळण (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सॅक_आणि_लॅपटॉप यांचे म्हणणे त्यांच्या कामापुरते मला पटते. ज्याच्या कामाची अखेर निश्चित असते, त्याला फिरतीला दिवस जोडता येतो. माझ्या कामाची अखेर यंत्राच्या हाती असल्यामुळे माझा नियम मी बदलत नाही. शनिवार मात्र आता आलटून पालटून घ्यायचे, असे पत्नीशी बोलून ठरवले आहे. तिने तिच्या वाट्याचा पहिला शनिवार म्हापशाला बहिणीकडे घालवण्याचे लगेच जाहीर केले आणि स्वयंपाकघराच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या.

नाडीपरीक्षा यांची तारखांची वही सॅकमध्ये गेली आहे. पत्नीने फ्रिजवर लावलेल्या वहीत पाण्याच्या टाकीची सफाई आणि वडिलांच्या चष्म्याची दुरुस्ती अशा नोंदीही झाल्या आहेत.

भांगाची_भरती यांना एक विनंती. येत्या नवमीला मी गोव्यात आहे आणि तो वार माझ्या वाट्याचा आहे. मुलगी अकरा वर्षांची असून तिला चांगले पोहता येते. तिला बरोबर आणले, तर दोघांची कयाक आणि तिच्या मापाचे लाईफ जॅकेट तिथे मिळेल का? रायबंदरच्या धक्क्यावरून पहाटेची पहिली फेरीबोट किती वाजता सुटते, तेही कळवावे.

भांगाची_भरती (चोडण)

अवश्य आणा. दोघांची कयाक आहे. लहान मापाचे जॅकेट शेजाऱ्यांकडून आणून ठेवतो, पण तिचे वजन कळवा, कारण जॅकेट वयावर नव्हे, तर वजनावर ठरते. फेरीबोटीची वेळ उद्या धक्क्यावर विचारून येथेच लिहितो. टोपी आणि जुने, बंद बूट घालून या. चिखलात शिंपल्यांच्या धारा असतात आणि चप्पल तिथेच रुतून राहते.